ताप आला की आधी मेडिकल. पण सीमाभागातल्या या पहिल्या ‘दवाखान्या’ला कायद्यात जागा कुठे?

बिदर / कलबुर्गी : संध्याकाळचे सात वाजलेले असतात. रानातून, बांधकामावरून परतलेली माणसं बाजारात उतरतात. भालकी असो, औराद असो, कमलनगर असो की आळंद, मेडिकलच्या काउंटरपुढं या वेळेला गर्दी ठरलेली. कुणी म्हणतं, ‘अण्णा, पोराला कालपासून ताप आहे, गोळी द्या.’ कुणी कानडीत खोकला सांगतं, कुणी दखनीत पोटदुखी. मेडिकलवाल्याला तिन्ही भाषा येतात. ‘किती दिवस झाले? उलटी होते का?’ असे दोन प्रश्न होतात, कात्रीनं पट्टी कापली जाते, मागं पेनानं सकाळ-संध्याकाळची खूण होते आणि वीस-तीस रुपयांत ‘दवाखाना’ उरकतो.

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांत सर्दी, ताप, जुलाब, अंगदुखी, खाज, पित्त यांवरचा पहिला उपचार असाच होतो. सगळ्यांना हे ठाऊक आहे. डॉक्टरांना ठाऊक आहे, औषध निरीक्षकांना ठाऊक आहे, पुढाऱ्यांच्या घरातही हेच चालतं. फक्त कायद्याच्या कागदावर मेडिकलवाला उपचार करत नाही, तो निव्वळ औषध ‘देतो’. कागद आणि काउंटर यांच्यातली ही फट लोकांच्या सोयीची आहे आणि धोक्याचीही. धाडी टाकून ती बुजलेली नाही, डोळेझाक करूनही बुजणार नाही.

मेडिकलच का?

सरळ हिशोब आहे. रोजगार हमीची कर्नाटकातली २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३७० रुपये. औरादहून बिदर किंवा आळंदहून कलबुर्गी गाठायचं तर एका बाजूचं अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेमुळे बाईमाणसाला केकेआरटीसीच्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही हे खरं, पण बुडालेला दिवस कुणी भरून देत नाही. पोराला घेऊन आई गेली आणि सोबत बाप गेला तर दोघांची मजुरी गेली. त्यापुढे पॅरासिटामॉलची एक गोळी साधारण रुपयाभराला पडते.

दुसरं कारण वेळेचं. सपाटीवरच्या भागात ३० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असं सरकारी मापच आहे. केंद्र असलं तरी बाह्यरुग्ण विभाग दिवसा चालतो आणि माणसं दिवसा कामावर असतात. ताप मात्र संध्याकाळी चढतो. त्या वेळी गावात उजेड असतो तो मेडिकलमध्ये.

तिसरं कारण भाषेचं. ‘अंगात कसकस आहे’, ‘पोट डबडबलंय’, ‘पोरगं किरकिर करतंय’ हे दक्षिण कर्नाटकातून बदलून आलेल्या डॉक्टरला समजावताना मराठी माणूस अडखळतो. मेडिकलवाला शेजारच्या गल्लीतला असतो. घरातली साखर, बीपी, मागच्या वेळी कुठल्या गोळीनं पुरळ उठलं होतं, हे त्याला पाठ असतं. त्यामुळे मेडिकलवर जाणारा माणूस अडाणी आहे असं म्हणणं चूक ठरेल. त्याच्या हातात जे आहे त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं तो निवडतो.

कायदा काय म्हणतो

औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. हे केंद्राचे आहेत, म्हणून भालकीत आणि उदगीरात कायदा एकच लागतो. प्रतिजैविकं, स्टेरॉईड, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं अशी बरीच औषधं ‘शेड्यूल एच’मध्ये येतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ नावाची आणखी कडक यादी लागू झाली. सेफिक्झीम, लिव्होफ्लॉक्सासिन यांच्यासारखी प्रतिजैविकं आणि टीबीची औषधं तिच्यात आहेत. ती विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत नोंदवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची.

दुसरा कायदा १९४८ चा, फार्मसीचा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं, असं त्याचं ४२ वं कलम सांगतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं त्यातल्या दंडाची मर्यादा दोन लाख रुपयांपर्यंत नेली. प्रत्यक्षात भिंतीवर एकाचं प्रमाणपत्र आणि काउंटरवर दुसराच माणूस, हे चित्र सीमेच्या दोन्ही बाजूंना नवीन नाही.

मग चिठ्ठीशिवाय काय देता येतं? इथेच गोंधळ आहे. भारतात ‘चिठ्ठीविना विकायची औषधं’ अशी स्वतंत्र यादी कायद्यात नाही. जे बंदिस्त यादीत नाही ते मोकळं, एवढाच अर्थ लावायचा. हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, बाम, आम्लपित्ताची औषधं अशा घरगुती औषधांना परवान्याचीही गरज नाही, ती किराणा दुकानात चालतात. मात्र माल परवानाधारकाकडून घेतलेला आणि मूळ बंद वेष्टनात असावा, अशी अट आहे. वाडी-तांड्यावर एकेक गोळी सुटी मिळते, तिथेच ती अट मोडलेली असते.

मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १६ औषधं चिठ्ठीविना विकू देण्याचा मसुदा काढला होता. त्यातली अट महत्त्वाची होती : जास्तीत जास्त पाच दिवसांचं औषध द्यायचं, आणि तेवढ्यात बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठायचा. मेडिकलवाला आजारी माणसाला सल्ला देतो, हे सरकारनं आडवळणानं का होईना मान्य केलं होतं.

खरा घोळ पैशाचा

मेडिकलवाला लोभी आहे म्हणून जादा गोळ्या देतो, असं म्हणून विषय संपवणं सोपं आहे. पण त्याचाही हिशोब बघायला हवा. किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन मिळतं, असा २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाचा नियम आहे. म्हणजे दहा रुपयांची पॅरासिटामॉलची पट्टी विकली तर हातात दीड रुपयाच्या आसपास पडतात. त्यासाठी त्यानं पाच मिनिटं विचारपूस केली, दोन गोळ्यांमधलं अंतर समजावलं, पाणी पाजत राहायला सांगितलं, तरी कमाई तेवढीच. आणि ‘हा ताप साधा वाटत नाही, उद्या पीएचसीत रक्त तपासा’ असं सांगून रिकाम्या हातानं परत पाठवलं, तर कमाई शून्य. त्याच जागी शंभर-दीडशे रुपयांचं प्रतिजैविक, वर गॅसची गोळी आणि ताकदीचं सिरप दिलं, तर दुकानाचं भाडं निघतं. गिऱ्हाईकही खूश होतं, ‘चांगला डोस दिला’ म्हणतं.

आपल्याकडे मेडिकलवरचा सल्ला फुकट आहे, त्यामुळे त्याचे पैसे गोळीतून वसूल होतात. जो दुकानदार इमानदारीनं कमी औषध देतो त्याचं नुकसान होतं आणि जो जास्त देतो त्याचं चालतं. ही रचना बदलल्याशिवाय उपदेशानं फरक पडणार नाही.

चुकतं तिथं काय होतं

पहिला धोका पुडीचा. पट्ट्यांतून काढलेल्या तीन-चार रंगांच्या गोळ्या कागदात बांधून ‘तीन दिवसांचा डोस’ म्हणून दिल्या जातात. त्यात बऱ्याचदा वेदनाशामक असतं आणि कधी स्टेरॉईडही. स्टेरॉईडनं एका दिवसात हुशारी वाटते, सांधे मोकळे होतात. आजार मात्र आतच राहतो, साखर वाढते, आणि ते वारंवार घेतलं तर शरीराची लढायची ताकद खचते. पुडीवर नाव नसतं. उद्या त्रास झाला तर काय पोटात गेलं हे डॉक्टरलाही कळत नाही.

दुसरा धोका प्रतिजैविकांचा. साधी सर्दी विषाणूची असते, तिच्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिनचा काही उपयोग नाही. उपयोग नाही एवढ्यावर भागत नाही. अशा वापरानं जंतू निर्ढावतात आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं थेट दगावली.

तिसरा धोका तापाचा. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असते तेव्हा अंगदुखीसाठी घेतलेलं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन रक्तस्राव वाढवू शकतं. कोणता ताप डेंग्यूचा, हे काउंटरवर बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून अशा दिवसांत फक्त पॅरासिटामॉल देणं, तेही वजनाच्या आणि वयाच्या हिशोबानं, हाच शहाणपणा.

चौथा धोका छातीतल्या ‘गॅस’चा. पन्नाशीचा माणूस घामेजून येतो, छातीत जळजळतंय म्हणतो, पित्ताची गोळी घेऊन घरी जातो. तो हृदयविकाराचा झटका असेल तर त्याच्या हातातला मोलाचा तास त्या गोळीत निघून जातो. कर्नाटकात तालुका रुग्णालयांत टप्प्याटप्प्यानं सुरू झालेल्या ‘पुनीत राजकुमार हृदयज्योती’ योजनेत ईसीजी काढून, गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत देण्याची सोय आहे. पण रुग्ण तिथवर पोचला तर.

पाचवा धोका लहान मुलांचा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचं सिरप घेतलेली वीसहून अधिक बालकं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. कित्येकांना उपचारासाठी महाराष्ट्रात, नागपूरला आणलं होतं. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के सापडलं. एक गोष्ट इथं नोंदवायला हवी. छिंदवाड्यात ते सिरप डॉक्टरांनीही लिहून दिलं होतं. म्हणजे चिठ्ठी असली की सगळं सुरक्षित, असंही नाही. त्या घटनेनंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं स्पष्ट सांगितलं : दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची सिरपं द्यायची नाहीत, आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. आजही किती आयांना हे कुणी काउंटरवर सांगतं?

आणि जुलाबाचं. त्यावरचा उपाय स्वस्त आणि पक्का आहे : एक लिटर पाण्यात ओआरएसची पुडी, आणि मुलांना सोबत झिंकची गोळी, १४ दिवस. पण ‘ओआरएस’ लिहिलेले गोड पेयांचे खोके वर्षानुवर्षं मेडिकलमध्येच मांडलेले होते. ओआरएसचं जागतिक आरोग्य संघटनेचं ठरलेलं प्रमाण आहे, त्यात ग्लुकोज लिटरला १३.५ ग्रॅम. त्याहून कितीतरी गोड पेय दिलं तर जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं झगडा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली.

धाडींनी काय साधतं?

महाराष्ट्रानं २०१२ च्या सुमारास हा प्रयोग केला आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना ‘फार्मासिस्ट नाही तर दुकान बंद’ अशी कडक भूमिका घेतली गेली. औषध विक्रेत्यांच्या संघटना विरोधात उतरल्या, दुकानं बंद ठेवण्याचे इशारे निघाले. दुकानात फार्मासिस्ट असणं हा रुग्णाचा हक्क आहे, ही गोष्ट त्या काळात पहिल्यांदा चारचौघांत बोलली गेली, हे त्याचं श्रेय. केरळनं जानेवारी २०२४ पासून ‘ऑपरेशन अमृत’ नावानं चिठ्ठीविना प्रतिजैविकं विकणाऱ्या दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या.

पण केरळात पावला-पावलावर दवाखाना आहे. औराद आणि आळंदच्या खेड्यांत पर्याय न देता काउंटर बंद केलं तर माणूस एमबीबीएसकडे जाणार नाही. तो सलाईन लावणाऱ्या बोगस डॉक्टरकडे जाईल. शिवाय सीमाभागाची अडचण वेगळी आहे. कायदा एक असला तरी तपासणारी खाती दोन. बिदर, भालकीचं दुकान कर्नाटकाच्या औषध नियंत्रण विभागाखाली, तर उदगीर, देवणी, उमरगा, अक्कलकोटचं महाराष्ट्राच्या एफडीएखाली. आठवडी बाजार, सोयरीक आणि दवाखाना यांना हद्द माहीत नाही. एका बाजूला आवळलं की गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला सरकायला अर्धा तास पुरतो.

इंग्लंडनं काय केलं

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ सुरू झालं. सायनस, घसादुखी, मुलांची कानदुखी, चिघळलेला कीटकदंश, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि स्त्रियांचा साधा मूत्रमार्गाचा संसर्ग, अशा सात आजारांत फार्मासिस्ट स्वतः तपासून, ठरलेल्या नियमावलीनुसार औषध देतो. गरज असेल तर प्रतिजैविकही देतो. त्यासाठी प्रशिक्षण असतं, आडोशाची खोली असते, आणि काय दिलं त्याची माहिती रुग्णाच्या डॉक्टरकडे जाते.

आपल्यासाठी त्यातला धडा वेगळाच आहे. तिथं सरकार दुकानाला सल्ल्याचे पैसे देतं, औषध दिलं तरी आणि न दिलं तरी. म्हणजे ‘तुम्हाला औषधाची गरज नाही’ हे वाक्य बोलायला फार्मासिस्टला परवडतं. इंग्लंडची नक्कल बिदरमध्ये करता येणार नाही, आणि चिठ्ठीविना प्रतिजैविकं देण्याची मुभा तर इथं देऊच नये. पण कामाला मान्यता, मर्यादा आणि मोबदला एकत्र यायला हवा, हे तत्त्व इथंही लागू आहे.

८६५ गावं आणि एक गोळी

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारनं विरोध केला, दोन्हीकडून निवेदनं झडली. त्या वादात एक साधी गोष्ट सुटली. ती योजना काय किंवा कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक काय, दोन्हींचा मुख्य रोख रुग्णालयातल्या मोठ्या उपचारांवर आहे. कार्ड खिशात असलं तरी वर्षातून पाच वेळा येणारा ताप त्यात बसत नाही. त्यासाठी ना बेंगळुरूचं धोरण आहे, ना मुंबईचं. दोन सरकारं मराठी माणसाच्या ऑपरेशनवर भांडतात आणि त्याची रोजची गोळी मात्र दोघांच्याही हिशोबात नाही.

इथं काय होऊ शकतं

पहिलं, २०२२ च्या मसुद्यासारखी स्पष्ट यादी आणि पाच दिवसांची मर्यादा कायद्यात यावी. काय देता येतं हे ठरलं की काय देता येत नाही हेही ठणकावून सांगता येतं.

दुसरं, पाठवणीची चिठ्ठी. मेडिकलवाल्यानं ‘ताप चार दिवस, अमुक गोळी दिली, उतार नाही’ एवढं कागदावर लिहून रुग्णाला जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात पाठवावं. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला ‘ई-संजीवनी’वरून डॉक्टरचा सल्ला घेता येतो. अशा प्रत्येक पाठवणीमागे दुकानाला थोडा मोबदला मिळाला तर रुग्ण पुढे पाठवणं तोट्याचं राहणार नाही. हे अगदी परकंही नाही. टीबीची औषधं घेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवण्याची जबाबदारी मार्च २०१८ पासून औषध दुकानांवर आहेच. दोन आठवड्यांहून जुना खोकला घेऊन आलेल्याला सिरपऐवजी थुंकी तपासायला पाठवणं हे त्याच्या आधीचं पाऊल आहे.

तिसरं, भाषा. पट्टीवरचा मजकूर इंग्रजी, सूचना पेनानं मारलेल्या खुणांत. तालुक्याच्या औषध विक्रेता संघटनेनं मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत छोट्या चिठ्ठ्या छापल्या, औषध कशाचं, किती वेळा, किती दिवस, केव्हा डॉक्टरकडे जायचं, तर त्याला कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही.

चौथं, आठवड्यातून निदान बाजाराच्या दिवशी तरी आरोग्य केंद्राचा बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळी उघडा राहावा. आणि पाचवं, दोन्ही राज्यांच्या औषध निरीक्षकांनी सीमेवरच्या तालुक्यांची तपासणी एकाच आठवड्यात करावी.

हे होईतो घरोघरी एवढं तरी पाळता येतं. पट्टीच्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीचं आहे, मागून घेऊ नये. सुटी पुडी घेऊ नये, पट्टी घ्यावी आणि बरं वाटेपर्यंत जपून ठेवावी. तापाला तीन दिवस झाले, पोर सुस्त पडलं, दूध तोडलं, लघवी कमी झाली, श्वास जोरात चालला, शौचात रक्त दिसलं, तर मेडिकल नव्हे, सरळ दवाखाना. दोन-तीन महिन्यांचं बाळ आणि गरोदर बाई यांचा ताप तर पहिल्या दिवसापासूनच डॉक्टरचा.

मेडिकलवाला उद्याही संध्याकाळी सातला तिथंच असणार आहे, आणि पोराला घेऊन आलेली आईही. त्यानं तिला तपासून गोळी द्यायची, की समजावून पुढे पाठवायचं, याचा निर्णय आज गल्ल्यावर होतो. तो नियमावर व्हावा, एवढंच मागणं आहे.